खाडीकडे तोंड केलेले दगड

वासू, त्यांनी तुला मिशा लावल्या.

जन्मात कधी ओठावर केस ठेवला नव्हतास तू. सैन्यात गेलास, मेजर झालास, तुझ्या हाताखालच्या जवानांनी झुबके वाढवले, पण तू रजेवर घरी आलास तरी उठल्या उठल्या आधी दाढीचं पाणी मागायचास. माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचास, "बाबी, नाकाखाली झाडू बांदून कित्या फिरतंस रे?" आणि आता रणटेंबाच्या टेकडीवर, तुझ्या स्मारकाच्या भूमिपूजनाला, माझ्याच मंडपाच्या कमानीवर तुझा फ्लेक्स लागला. गणवेश, टोपी, आणि दोन्ही गालांपर्यंत वळलेल्या काळ्या कुळकुळीत मिशा.

फ्लेक्स छापणाऱ्याला मी फोन लावला. तो म्हणाला, समितीनेच सांगितलं, फोटोतला माणूस बँकेतला वाटतो, वीर वाटायला हवा. तुझ्या खाली तीन पुढारी हात जोडून उभे होते. त्यांची तोंडं तुझ्यापेक्षा मोठी. त्यांना मात्र जसे आहेत तसे छापलं होतं, किंवा थोडे गोरे करून.

काकीला मीच टेम्पोत पुढे बसवून आणलं होतं. ती कमानीखाली थांबली, डोळ्यांवर हात धरून तिने वर बघितलं आणि मला विचारलं, "बाबी, हो कोण रे?"

मी म्हणालो, "काकी, वासू."

तिने परत बघितलं. पोटच्या पोराला ओळखायला एवढा वेळ कोणत्याही आईला लागू नये. "नाय," म्हणाली, आणि पहिल्या रांगेत तिच्यासाठी ठेवलेली गादीची खुर्ची सोडून मागे बायकांत जाऊन बसली.

मी मंडपवाला आहे. लग्न, बारसं, पूजा, प्रचारसभा, सगळं मी मंडपाच्या मागच्या बाजूने बघत आलो. पुढे झालर असते, मागे खांब, दोऱ्या आणि खरकटं. मागून बघणाऱ्याला सहसा कशाची शिसारी येत नाही. त्या दिवशी आली. तुला जाऊन दीड महिना होतोय, आणि अजून तोंडातली ती चव जात नाही.

सुरुवात तू आलास त्याच दिवशी झाली. गोव्याच्या विमानतळावरून तुझी पेटी निघाली असं कळलं तेव्हा मी हद्दीवर, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जाऊन थांबलो. त्या नाक्यावर माझा टेम्पो कितीदा अडवला असेल, ताडपत्र्या उचलून आत काय काय शोधलं असेल, माझी किती भांडणं झाली असतील. त्या दिवशी तेच शिपाई टोपी नीट करून रस्त्याकडेला ताठ उभे होते. एकाने मला ओळखलं, बाजूला सरकून जागा दिली. तिथपर्यंत सगळं माणसांसारखं चाललं होतं. कुडाळला पुढारी ट्रकवर चढले. कोणी कुठे उभं राहायचं यावरून तुझ्या पेटीशेजारी ढकलाढकली झाली. एकाने हार घातला, फोटो नीट आला नाही, म्हणून हार काढला आणि परत घातला. मी टेम्पोतून मागे येत होतो. हॉर्नवर हात ठेवला तो मालवणपर्यंत उचलला नाही. लोकांना वाटलं, मानवंदना आहे.

तुझ्याबरोबर एक सुभेदार आले होते. गर्दी पांगल्यावर ते तुमच्या दारातल्या खळ्यात काकीसमोर जमिनीवर बसले. त्यांची हिंदी काकीला अर्धीच कळत होती, म्हणून मी मधे बसून सांगत गेलो. शत्रूच्या माऱ्याने वरच्या चौकीची वाट तुटत आली होती, जखमी पोरं होती. साहेबांनी सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं आणि ते उतरेपर्यंत स्वतः वर थांबले. शेवटी उतरला तो मी, असं सुभेदार म्हणाले.

काकीने एवढंच विचारलं, "तुमी सगळे वाचलात मां?"

त्यांनी मान हलवली.

"मग बरां," काकी म्हणाली, आणि आत जाऊन त्यांच्यासाठी सोलकढी घेऊन आली.

हे सगळं मी समितीच्या अध्यक्षांना सांगितलं. गावात त्यांना भाऊ म्हणतात, तूही म्हणायचास. त्यांनी ऐकून घेतलं, आणि भाषणात ठोकून दिलं की तू आरोळी देऊन पुढे धावून गेलास आणि शत्रूला पळता भुई थोडी केलीस. पुतळ्याचं चित्रही तसंच काढून घेतलं, एक पाय पुढे, बंदूक पुढे, मिशा पुढे. मागे थांबलेला माणूस त्यांना परवडत नाही. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने तर तुझ्या नावाने मेजर थाळी काढली आहे, सुरमईचा तुकडा आणि तिसऱ्यांचं सुकं. गणवेशातला तुझा फोटो फळ्यावर खडूच्या दराशेजारी चिकटवलाय. मी आत जाऊन त्याला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. त्याने फोटो काढला, थाळी ठेवली.

आता आपल्या भांडणाकडे येतो. मेलास म्हणून ते मिटलं असं समजू नकोस.

रणटेंबाची गोष्ट गावाने आपल्याला दुधाबरोबर पाजली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे ती टेकडी. कधीतरी समुद्रातून परक्यांची गलबतं आली, इथे मोठी लढाई झाली, आपल्या गावाने ती जिंकली. कोणत्या शतकात, कोणाशी, यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत नाही, पण जिंकलो यावर सगळ्यांचं आहे. उतारावर वीरगळ उभे आहेत, काळ्या दगडाचे, वाऱ्याने झिजलेले, खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, वर चंद्रसूर्य. लहानपणी आपण त्यांच्या आडोशाला करवंदं खायचो.

आणि तू सैन्यात जाऊन शिकून आलास आणि पहिल्याच रजेत त्या गोष्टीचा विचका केलास. मला हाताला धरून टेकडीवर नेलंस. म्हणालास, शत्रू समुद्राकडून आला, तर पडलेल्यांचे दगड समुद्राच्या अंगाला हवेत. हे सगळे मागच्या उतारावर का? खाडीत उतरणाऱ्या त्या अरुंद पाणंदीच्या दोन्ही बाजूंना, आणि एकूण एक दगडाचं तोंड खाडीकडे का? मी म्हणालो, माका काय इचारतंस, मी घडवलंय काय ते. मग तू मला पलीकडच्या गावची आठवण करून दिलीस. दर वर्षी शिमगा सरला की खाडीपलीकडची माणसं होडीतून येतात, प्रत्येक दगडापुढे नारळ ठेवतात, कोणाच्या घरी पाणीही न पिता परत जातात. आपल्या गावाला वाटायचं, असेल त्यांचा कसला तरी नवस. तू होडी करून पलीकडे गेलास आणि तिथल्या एका म्हातारीला विचारलंस. ती तुला म्हणाली, "आमचे त्या दिसा होडयेत बसले म्हणान आमी आसंव."

तू हे मला सांगितलंस तेव्हा तुझे डोळे असे चमकत होते की मला तुझा राग आला. म्हणालास, "बाबी, हे हरले रे. पण सगळी माणसां खाडी पार होयसर हरले नाय."

मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो, हरलेल्यांसाठी कोणी मंडप घालत नाही. गावाला जिंकलेली गोष्ट लागते, सणाला लागते, शाळेच्या निबंधाला लागते. तू म्हणायचास, खोटी असली तरी? मी म्हणायचो, माझ्या झालरीमागे काय असतं ते कोणी विचारतं का? दर रजेत आपण त्या दगडांपाशी बसून हेच भांडायचो. तुला मजा यायची. मला यायची नाही, कारण तू अधिकाऱ्यासारखा शांत आवाजात भांडायचास, आणि मी ओरडून दमायचो.

आणि मग ती ग्रामसभा. ती मी विसरलेलो नाही.

दहावी सुटली तेव्हा तू पुढे शिकायला गेलास आणि मी कुडाळच्या बाजारात दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावर घेतले. माझं सगळं त्या खांद्यावरून उभं राहिलंय. एका कनातीचा मालक झालो, मग दहाचा, मग स्पीकरचा. माझं एकच स्वप्न होतं, रणटेंबाच्या माथ्यावर एक मंगल कार्यालय. खाली समुद्र, वर लग्न. दगडांना मी हात लावणार नव्हतो, ते उतारावर आणि माझं काम सपाटीवर. पंचायतीतल्या एकेकाशी घासाघीस करून मी त्यांना भाड्याने जागा द्यायला तयार केलं होतं. कसं, ते माझं मला ठाऊक. आणि ग्रामसभेच्या दिवशी तू, रजेवर आलेला, सदरा-लेंगा घालून मागे बसलेला, उठून उभा राहिलास. म्हणालास, माणसं पळून जगावीत म्हणून जिथे काहीजण थांबले, तिथे बँडबाजा नको. एवढंच. खाली बसलास. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी भाऊंची होती. माझा अर्ज तिथेच मेला.

मला आधी सांगायला हवं होतंस, वासू. आपल्या अंगणात, दोघंच असताना. मी तुझ्याशी रात्रभर भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, कदाचित ऐकलंही असतं. तू गावासमोर सांगितलंस. ते तुझं चुकलं, आणि आता तू वीर झालास म्हणून ते बरोबर होत नाही.

त्या रजेच्या शेवटी तुला कुडाळ स्टेशनला मीच सोडलं, कारण काकीने सांगितलं होतं. गाडी यायची होती, तू टेम्पोच्या फाळक्यावर बसलास आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "बाबी, तू त्या दिसा रणटेंबार आसतंस, तर थांबलो असतंस?"

मी म्हणालो, "माका धंदो आसा. मी पळालो असतंय. पयल्या होडयेन."

तू हसलास. "पळणाऱ्यांसाठीच थांबतत रे, मेल्या." मग गाडी आली. पिशवी खांद्यावर टाकून तू म्हणालास की उरलेलं भांडण पुढच्या रजेला. मी हात केला नाही. तुझ्या गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत उभा मात्र होतो, टेम्पो वळवायला जागा नव्हती म्हणून.

तुझे दिवस झाल्यावर आठवड्याच्या आत भाऊ माझ्या गोदामात आले. स्वतः आले, तेव्हाच मी सावध झालो. म्हणाले, रणटेंबावर मेजरसाहेबांचं भव्य स्मारक होणार. पुतळा, बाग, गाड्या लावायला जागा, फोटो काढायला काचेचा कठडा. आणि माथ्यावर एक सभागृह, तुझ्या नावाचं. ते चालवायला भाड्याने कोणाला द्यायचं? "बाबी, तुझा हॉल झालो समज," म्हणाले. ज्या माणसाने तुझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवून माझा हॉल पाडला, तोच तुझ्या नावाने मला तो परत देत होता.

मी लगेच होय म्हणालो नाही. लगेच होय म्हणणं माझ्या रक्तात नाही. विचारलं, गाड्या कुठे लावणार? त्यांनी बोट दाखवलं ते मागच्या उतारावर. आणि दगड? ते बाजूला घेऊ, म्हणाले, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून ओळीने छान मांडू, वर सिमेंटची टोपी घालू, पावसापासून संरक्षण.

वासू, मी जन्मभर घासाघीस केली. मासळीबाजारातल्या बायका मला बघून टोपली झाकतात. त्या दगडांसाठी जेवढी घासली तेवढी कशासाठी घासली नव्हती. म्हणालो, गाड्या खाली रस्त्यावर लावा, वर चालत या. नको. पाणंद तेवढी सोडा. नको. माथ्यावरचं सभागृह लहान करा आणि गाड्या तिथे घ्या, मला लहान चालेल. हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. भाऊ तेवढेच गोड हसत राहिले. खाडीचा देखावा त्या उतारावरूनच चांगला दिसतो, आणि तिथे पुढे खाण्याचे स्टॉल काढायचे आहेत, हे मला मग कळलं. ज्याला आपल्याकडून काहीच नको असतं त्याच्याशी घासाघीस होत नाही. त्यांना माझ्याकडून फक्त मंडप हवा होता, आणि मी गप्प बसायला हवा होतो.

मंडप घातला. तुझ्या कार्याला दुसऱ्याचा मंडप मी उभा राहू दिला नसता.

आता राहिलं गाऱ्हाणं. तुला सांगायला नको, पण हे वाचणारे सगळेच काही आपल्याकडचे नसतील. रणटेंबावर तिथल्या देवाला, राखणदाराला, विचारल्याशिवाय कोणी ढेकूळ हलवत नाही. गावाच्या वतीने तातो गावकर नारळ हातात घेऊन त्याला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय करायचं आहे ते मोठ्याने सांगून त्याची परवानगी आणि पाठबळ मागतो. तातोचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे पुरुष म्हणतात, "व्हय म्हाराजा." शेवटी नारळ फुटला की जागेने होकार दिला असं झालं. मग कोर्टसुद्धा गावाला मागे वळवू शकत नाही.

आपण शाळेत हा खेळ खेळायचो. तू डस्टर नारळासारखं धरून तातोची नक्कल करायचास. एकदा म्हणालास, बा म्हाराजा, ह्या बाबीच्या टकलीत जरा अक्कल घाल. सगळा वर्ग ओरडला, व्हय म्हाराजा. मीही ओरडलो. मग लक्षात आलं आणि तुला धरून बडवला. ती सवय अशीच आहे. समोरचा काय मागतोय ते कानात जायच्या आधी होकार तोंडातून बाहेर पडतो. आपल्या गावात गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणायचं कसं असतं तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

भाषणं झाली. त्यांतलं एकही ऐकण्यासारखं नव्हतं. एक पुढारी तुझं नाव चुकला, शेजारच्याने कानात सांगितल्यावर दुरुस्त न करता मोठ्या आवाजात 'आपले मेजर' म्हणत राहिला. दुसऱ्याने तुला या मातीतला वाघ केलं आणि आपल्या पोराला तिकीट मिळावं म्हणून त्या वाघाचा आशीर्वाद मागितला. लोक खुर्च्यांवर बसून नाश्त्याचे पुडे उघडत होते. वाऱ्याने कमान हलली की तुझ्या मिशा हलायच्या.

मग तातो उठला. हातात नारळ, त्यामुळे माइक धरायला कोणी हवं होतं. माझाच माइक, माझेच स्पीकर, म्हणून मीच त्याच्या तोंडाजवळ धरला. तातोने डोळे मिटले आणि सुरू केलं. "बा देवा, रणटेंबाच्या राखणदारा म्हाराजा." व्हय म्हाराजा. "आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत." व्हय म्हाराजा. "आमचो वासुदेव मेजर देशासाठी कामी इलो, तेका तुझ्या पदराखाली घे." व्हय म्हाराजा. हे मीही म्हणालो. मनापासून म्हणालो.

मग तातोने डोळे उघडले, भाऊंनी लिहून दिलेलं त्याला आठवायचं होतं. "ह्या जाग्यार लढान जिकलेल्या वीरांचे धोंडे बाजूक सारून, थंय जां काय काम करूक घेतलां आसा, तेका तुझो होकार आसांदे."

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. माझं सभागृह त्या वाक्यातच होतं, जिथे 'काम' होतं तिथे. समोर काकी बसली होती, पदर घट्ट धरून. जिकलेल्या, हा एक शब्द मात्र आधी माझ्या कानात गेला. व्हय बाहेर यायच्या जागी दुसरंच आलं.

"नाय म्हाराजा."

माइक माझ्या हातात होता. माझे स्पीकर चांगले आहेत, मी स्वस्तातला माल घेत नाही. ते सबंध टेकडीवर वाजलं, खाली पाणंदीत उतरलं आणि खाडीपलीकडे जाऊन परत आलं. ज्यांनी सवयीने व्हय म्हटलं होतं त्यांची तोंडं उघडी राहिली. भाऊ दात आवळून म्हणाले, "बाबी, माइक बंद कर."

आणि मग बायकांच्या रांगांतून, जिथून गाऱ्हाण्याला आजवर कधी आवाज आला नव्हता, काकी उठली. तिला माइक लागला नाही. "नाय म्हाराजा," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.

तातोने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या नारळाकडे. एवढी वर्षं गाऱ्हाणी घातलेला माणूस, असा अडलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. भाऊ त्याला म्हणाले, "तातो, फोडा, फोडा, पावणे खोळांबलेत." तातोने नारळ पिशवीत ठेवला. म्हणाला, "दोन तोंडांचो नारळ राखणदार घेना नाय." मग जरा थांबून, जणू त्यालाच आत्ता सुचलं असावं, म्हणाला की परत गाऱ्हाणं घालायचं झालं तर पलीकडच्यांनाही बोलवायला हवं, नारळ तेही ठेवतात इथे. त्यांच्या होकाराशिवाय आता तो घालणार नाही.

पलीकडचे दगडांना हात लावू देणार नाहीत, हे भाऊंना कळतं. म्हणून ते मला जे बोलले ते बोलले. गावातली पुढची लग्नं मला मिळणार नाहीत म्हणाले, पूजा मिळणार नाहीत, सभागृहाचं तर नावच काढू नको. मीही त्यांना कमी बोललो नाही. पुढाऱ्यांना दुसरीकडे कार्यक्रम होता, ते गेले. फोटोवाले गेले. गाव उरलेले पुडे घेऊन गेलं. काही जणांनी जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसा मीच तुला मारला. एकाने हळूच खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कोणी बघेल म्हणून. मला त्या हाताचीही शिसारी आली.

माझी माणसं मंडप उतरवायला लागली. फ्लेक्स मी स्वतः सोडवला. एरवी असा फ्लेक्स गवताच्या उडवीवर झाकायला नेतात, पावसात टिकतो. काकीला विचारलं, नेऊ का घरी. म्हणाली, "ती मिशी माझ्या दारात नको." मग मी तोंड आत करून त्याची घडी घातली आणि गोदामात सगळ्यांत खाली टाकली. कोणाच्या उडवीवर तू मिशा फेंदारून पडलेला मला बघवणार नाही.

काकी दगडांपाशी जाऊन बसली होती. तिने बरोबर नारळ आणला होता, समितीने मागितला नव्हता तो. तुझ्या नावाचा दगड तिथे नाही, म्हणून तिने तो पाणंदीच्या मधोमध ठेवला, खाडीकडे शेंडी करून. मी तिला म्हणालो, काकी, चल, उन्हं उतरली. ती म्हणाली, तू तुझां काम कर.

खांब उपटले की खड्डे राहतात. माझ्या धंद्यात खड्डे बुजवल्याशिवाय जागा सोडत नाहीत, रात्री गुरं पाय मोडतात. सगळी माणसं टेम्पोत माल भरत होती, म्हणून खड्डे मीच बुजवले. उतारावरचे, दगडांच्या मधले, शेवटी. माती दाबली, वर चालून बघितलं.

तर वासू, उरलेलं भांडण असं आहे. ग्रामसभेत तुझं चुकलं. माझं मंगल कार्यालय माथ्यावर छान दिसलं असतं आणि तुझ्या दगडांना त्याचा काही त्रास झाला नसता. आता ते कधीच होणार नाही, एकदा तुझ्यामुळे आणि एकदा माझ्यामुळे. दगडांच्या बाबतीत तू बरोबर होतास, ते मी मान्य करतो, पण ओरडून नाही, तुझ्यासारखं शांत आवाजात. आणि तू कुडाळला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी बदललेलं नाही. मी पळालोच असतो, पहिल्या होडीने.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी एकटा वर होतो, हे खरं. पण त्याचा भलता अर्थ काढू नकोस. मंडप माझा होता, म्हणून थांबलो.